सिगार : सुरुवात कुठून करावी, आपली आवड कशी ओळखावी?

शिसवी

नमस्कार मंडळी,

सिगारवर इथे तुरळक प्रतिसाद सापडतात, पण सलग धागा नाही, म्हणून हा प्रपंच. जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करावी असा अजिबात आग्रह नाही. जे वर्षाकाठी चार-दोन ओढतात आणि दरवेळी दुकानदार देईल ती घेऊन येतात, त्यांच्यासाठी हा धागा आहे.

माझं मत थोडक्यात असं: आवड कळत नाही, कारण एका वेळी सगळंच बदलतं. आज डोमिनिकन रोबुस्टो (आखूड, जाडसर आकार), पुढच्या महिन्यात निकाराग्वाची मदुरो (काळपट पानाची), मग कुणीतरी दुबईहून आणलेली क्यूबन. आकार वेगळा, पान वेगळं, सोबतचं पेय वेगळं. शेवटी "ही बरी होती, ती कडक होती" यापलीकडे काही सांगता येत नाही.

सिगारमध्ये तीन थर असतात. बाहेरचं देखणं पान म्हणजे रॅपर, त्याखाली बांधून धरणारं बाइंडर आणि आत भरलेली पानं म्हणजे फिलर. फिलरमध्येही झाडाच्या वेगवेगळ्या उंचीवरची पानं असतात. सगळ्यात खालचं वोलादो जळायला मदत करतं, मधलं सेको वास देतं, वरचं उन्हात तापलेलं लिगेरो जाड आणि जोरकस असतं. लिगेरो हळू जळतं म्हणून ते मधोमध घालतात.

पद्धत अशी. आधी एकच आकार धरायचा. मी कोरोना म्हणेन, साडेपाच इंच लांब आणि ४२ रिंगची. रिंग म्हणजे इंचाचा चौसष्टावा भाग, म्हणजे ४२ रिंगची जाडी साधारण १६.७ मिमी. मग फक्त रॅपर बदलायचं. पाद्रोन या ब्रँडची लोंद्रेस याच मापात नॅचरल आणि मदुरो अशी दोन्ही रॅपरमध्ये मिळते. आतला माल तोच, वरचं पान तेवढं वेगळं. दोन्ही आठवड्याच्या अंतराने, त्याच वेळेला, फक्त पाण्यासोबत ओढायच्या. यातून रॅपरचं काम जितकं स्वच्छ कळतं तितकं दहा वेगवेगळ्या ब्रँडमधून कळत नाही. त्यानंतर रॅपर साधारण तेच ठेवून देश बदलायचा, आणि सगळ्यात शेवटी आकार.

जाणकारांना विचारायचंय: नवख्यासाठी ४२ रिंग बरोबर आहे का? आणि नोंदी कशा ठेवाव्यात?

गवतीचहा

वाचनखूण (वाखू) साठवली आहे. येऊ द्या अजून.

हडसनपार

शिसवी, एका वेळी एकच गोष्ट बदला, हे शंभर टक्के मान्य. ४२ रिंगवर मात्र सपशेल असहमत.

बारीक सिगार चूक माफ करत नाही. नवा माणूस सिगारेटच्या सवयीने भराभर झुरके घेतो. बारीक सिगार लगेच तापते आणि तापली की कडू होते, मग ती कितीही चांगली असो. शिवाय बांधणीत एखादं पान पिळलं गेलं तर बारीक सिगारचा ओढा (धूर खेचला जाणं) चटकन अडतो. रोबुस्टो, पाच इंच बाय ५० रिंग, हा सुरुवातीला सगळ्यात सोशिक आकार. साधारण ४५ मिनिटं ते तासभर चालते आणि घाई झाली तरी लगेच बिघडत नाही.

तुमच्या बाजूचा एक मुद्दा मात्र खरा आहे. सिगार जितकी बारीक तितका रॅपरचा वाटा जास्त, कारण परीघ आणि क्षेत्रफळ यांचं प्रमाण व्यासाच्या उलट चालतं. ३८ रिंगच्या लान्सेरोमध्ये (लांब, बारीक आकार) हे प्रमाण ५४ रिंगच्या सिगारच्या जवळपास १.४ पट असतं. चवीचे साठ-सत्तर टक्के रॅपरमधूनच येतात, असं दुकानात सरसकट ऐकवतात. ५४, ६० रिंगच्या जाडजूड सिगारला ते लागू पडत नाही. तिथे फिलरच बोलतं.

दुसरं, तीन गोष्टी वेगळ्या ठेवा. ताकद म्हणजे निकोटिन, ते डोक्यात आणि पोटात जाणवतं. अंग म्हणजे धुराचा जाडपणा, तो जिभेवर जाणवतो. चव ही तिसरी गोष्ट. कनेक्टिकट शेड रॅपरची (सावलीत वाढवलेलं फिकट पान) सिगार हलक्या अंगाची असून चवीला भरपूर असू शकते. आणि काळी सिगार म्हणजे कडक, हा समज तर आधी सोडा. मदुरोचा काळा रंग जास्त उष्णतेत जास्त काळ आंबवल्याने येतो आणि त्यातून बहुतेक वेळा गोडसरपणाच वाढतो. जोर आतल्या लिगेरोवर ठरतो.

दंतकथा

धागा चांगला चाललाय, पण हे पहिल्याच पानावर असायला हवं म्हणून लिहितेय.

"आम्ही धूर आत घेत नाही" हा बचाव अर्धवट आहे. सिगारचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटिन तोंडाच्या अस्तरातूनच रक्तात जातं. मोठ्या सिगारमध्ये १०० ते २०० मिलिग्रॅम निकोटिन असू शकतं, सिगारेटमध्ये ते आठ-दहाच्या आसपास असतं. सगळं शरीरात जात नाही, पण फरक लक्षात घ्या. धूर छातीत न घेताही तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका वाढतो. सुरक्षित प्रमाण असं काही नाही. जे ओढत नाहीत त्यांनी सुरू करू नये. गरोदर बाई, लहान मूल किंवा दम्याचा रुग्ण घरात असेल तर घरात अजिबात नाही, खिडकी उघडी असली तरी.

ओढणाऱ्यांनी एवढं पाहावं: दोन आठवड्यांत न भरणारी जखम, गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढरा वा लाल चट्टा, तोंड पूर्वीइतकं न उघडणं. यातलं काहीही दिसलं तर थेट दंतवैद्याकडे जा. गुटखा किंवा मावा खाणाऱ्याने त्यात सिगारची भर घालूच नये.

शिसवी

दंतकथाताई, मनापासून आभार. हे मूळ धाग्यातच असायला हवं, संपादकांना सांगून वर घालून घेतो.

हडसनपार, मधला मार्ग सुचवतो. कोरोना गोर्दा, १४३ मिमी बाय ४६ रिंग. कोरोनापेक्षा थंड जळते आणि रॅपरही दबत नाही. अडचण एवढीच की आपल्याकडच्या दुकानांत ती क्वचित दिसते, रोबुस्टो मात्र सगळीकडे मिळते.

खारा वारा

आकारावर वाद घालण्याआधी साठवणीचं बघा. मुंबईत जुलैमध्ये हवेतली आर्द्रता ८५-९० टक्के असते आणि सिगारला हवी ६५ ते ६९. ओली सिगार ओढून कुणी "मला निकाराग्वा आवडत नाही" असं म्हणत असेल, तर तो निकाराग्वाचा दोष नाही.

ओल्या सिगारची लक्षणं: दाबली की स्पंजासारखी लागते, ओढा जड येतो, सारखी विझते, तोंडात आंबट-कडू रस जमतो. पेटवल्यावर आतली पानं फुगतात आणि रॅपर उभं फाटतं. कोरडी झाली तर बोटांत कुरकुरते, भरभर जळते आणि घशाला झोंबते.

सुरुवातीला लाकडी ह्युमिडॉर (सिगारची ओल राखणारी पेटी) घेऊ नका. स्वस्त लाकडी खोक्याचं झाकण नीट बसत नाही, आणि मुरवायला दोन आठवडे जातात ते वेगळंच. स्वयंपाकघरात असतो तसा, झाकणाला रबरी गॅस्केट असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा घ्या. साबणाने धुऊन चार दिवस उघडा ठेवा, मसाल्याचा किंवा प्लास्टिकचा वास पूर्ण गेला पाहिजे. तळाशी रिकाम्या सिगारच्या खोक्यातल्या सीडरच्या पातळ पट्ट्या अंथरा. त्यात ६५ टक्क्यांचं बोवेडा कंपनीचं ६० ग्रॅमचं आर्द्रतेचं पाकीट टाका. पंचवीस सिगारला एक पुरतं. हे पाकीट दोन्ही बाजूंनी काम करतं, कोरडं झालं तर ओल सोडतं, ओल वाढली तर शोषतं. हाताला दाणेदार, कडक लागायला लागलं की बदला.

डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारं यंत्र) ठेवा, पण तपासल्याशिवाय त्याच्यावर विसंबू नका. बाटलीच्या बुचात अर्धा चमचा मीठ घ्या, चार थेंब पाणी घालून ओल्या वाळूसारखं करा. मीठ विरघळता कामा नये. बूच आणि यंत्र एका झिपच्या पिशवीत बंद करून चोवीस तास, तापमान फार बदलणार नाही अशा जागी ठेवा. आकडा ७५ यायला हवा. ७१ आला तर तुमचं यंत्र चार कमी दाखवतं, तेवढे मनात मिळवायचे.

सेलोफेन काढलं नाही तरी चालतं, त्यातून ओल जाते-येते. ॲल्युमिनिअमच्या नळीतली सिगार असेल तर नळीचं टोपण सैल करा. दुकानातून आणलेली सिगार लगेच ओढू नका, दोन-तीन आठवडे डब्यात राहू द्या. आणि डबा कपड्यांच्या कपाटात ठेवू नका. डांबरगोळीचा वास तंबाखू हां हां म्हणता उचलते.

वऱ्हाडी ठसका

खारा वाराभाऊ, मुंबईकरायले ओलाव्याची चिंता, आमाले नागपुरात उलटी. मे महिन्यात बाहेर ४५ अंश आणि हवा कोरडी ठक्क. आर्द्रतेचं पाकीट सांभाळून घेते, गरमीचं काय?

तंबाखूच्या पानात किड्याची अंडी असू शकतात. लॅसिओडर्मा नावाचा बारीक तपकिरी भुंगेरा. तापमान २४-२५ अंशांच्या वर राहिलं की अंडी फुटायचा धोका सुरू होतो. अळी आतून पोखरत जाते आणि टाचणीने भोकसल्यासारखी दीड-दोन मिलिमीटरची गोल भोकं पाडते. सिगार टेबलावर टकटक केली की बारीक पूड पडते. एका सिगारमध्ये दिसलं म्हणजे अख्ख्या डब्याला धोका.

उपाय: सगळ्या सिगार दोन झिपच्या पिशव्यांमध्ये एकात एक घालून बंद करायच्या. आधी एक दिवस फ्रिजमध्ये खाली, मग तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये, मग पुन्हा एक दिवस खाली, शेवटी खोलीच्या तापमानाला. पिशवी मधे उघडायची नाही. पायऱ्या गाळून थेट फ्रीझरमधून बाहेर काढली तर रॅपर तडकते. कुठून आली याची खात्री नसलेला माल डब्यात घालण्याआधी हे करून टाकावं.

आणि रोजच्या फ्रिजमध्ये कायमची साठवण नको. फ्रिज सिगारला वाळवते आणि कालच्या वांग्याच्या भाजीचा वास देते. उन्हाळ्यात जाड थर्माकोलच्या खोक्यात डबा ठेवून, घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, जमिनीलगत ठेवायचा. थर्मोइलेक्ट्रिकवाले छोटे सिगार-फ्रिज आमच्या मे महिन्यात दम टाकतात, घ्यायचाच तर कॉम्प्रेसरवाला घ्या.

पावसाळी ढग

रॅपरवर पांढरं पावडरीसारखं दिसतं त्याला म्हणे 'प्लूम' म्हणतात आणि ते मुरलेल्या सिगारचं लक्षण. खरं का?

खारा वारा

@पावसाळी ढग, जवळपास प्रत्येक वेळी ती बुरशीच असते. तेल बाहेर येऊन स्फटिक होतात ही गोष्ट विक्रेत्याच्या सोयीची आहे. रॅपरवर चार ठिपके असतील तर कोरड्या मऊ ब्रशने पुसा, ती सिगार वेगळी ठेवा आणि डब्याची आर्द्रता खाली आणा. पायाकडच्या उघड्या टोकावर, म्हणजे फिलरमध्ये, बुरशी दिसली किंवा ती हिरवी-निळी केसाळ असेल तर फेकून द्या. पैशाकडे बघू नका.

मांडवीकाठ

कापणं आणि पेटवणं यावर कुणीच लिहिलं नाही. अर्ध्या तक्रारी इथल्याच असतात.

ओठांकडच्या टोकाला पानाची टोपी चिकटवलेली असते. नीट पाहिलं तर तिची कड दिसते. त्या कडेच्या वरच कापायचं, दीड-दोन मिलिमीटर. कडेच्या खाली कापलं की रॅपरची पकड सुटते आणि सिगार तोंडात उलगडत जाते. दोन पात्यांचं गिलोटिन टेबलावर सपाट ठेवा, भोकात सिगार उभी टेकवा आणि एका झटक्यात दाबा. हळू दाबलं तर चिरडते. टोर्पेडोसारख्या निमुळत्या टोकाला पंच (गोल भोक पाडणारं कटर) चालत नाही. टोकापासून तीन-चार मिमी कापा, ओढा जड वाटला तर अजून थोडं. व्ही-कट (टोपीत व्ही आकाराची खाच) ५० रिंगच्या पुढे छान चालतो.

पेटवण्याआधी एक थंड झुरका घ्या, म्हणजे न पेटवता नुसती हवा ओढायची. ओढा अडतोय का ते तिथेच कळतं आणि पानाची कच्ची चवही कळते. बर्फी-पेढ्याच्या दुकानासारखा गोड वास येत असेल तर टोपीवर साखर लावलेली असण्याची शक्यता, ती ओठाला लगेच जाणवते.

पेट्रोलवाला लायटर नको, पहिल्या इंचात त्याचाच वास राहतो. साधा ब्युटेन लायटर किंवा लांब काडी घ्या. काडीचं गूल पूर्ण जळून गेल्यावरच जवळ न्या. सिगार ४५ अंशात धरून, ज्योत पायापासून सेंटिमीटरभर खाली ठेवून, न टेकवता फिरवत राहा. वीस-तीस सेकंदांत कडेला करड्या रंगाची सारखी रेघ येते. मग तोंडात धरून, फिरवत, दोन-तीन हलके झुरके. शेवटी पायावर फुंकर मारून बघा. लाल गोल सगळीकडे सारखा फुलला पाहिजे, काळा डाग दिसला तिथे पुन्हा ज्योत दाखवा. जेट लायटर गॅलरीतल्या वाऱ्यात कामाचा, पण पाय कोळसा करून टाकतो, म्हणून लांबूनच.

आणि डोक्यावरचा पंखा बंद करा. एकाच बाजूने जळण्याचं आपल्याकडचं सगळ्यात मोठं कारण तो पंखा आहे.

हडसनपार

मांडवीकाठ, झकास. वेगाचं मी जोडतो. मिनिटाला एक झुरका, त्याहून जास्त नाही. धूर तोंडात दोन-तीन सेकंद फिरवून सोडायचा.

चव ओळखायची असेल तर अधूनमधून थोडा धूर नाकावाटे सोडायला शिका. बहुतेक चवी म्हणजे प्रत्यक्षात वासच असतात. धूर छातीत घ्यायचा नाही. तोंडात धरून तीन चतुर्थांश ओठांतून आधी सोडून द्यायचा, मग तोंड मिटून उरलेला नाकाने हलकेच बाहेर. सबंध झुरका नाकातून सोडला तर डोळ्यांत पाणी येईल. एका सिगारमध्ये चार-पाच वेळा पुरे.

रिकाम्या पोटी कधीच नाही. घाम सुटला, मळमळ झाली, चक्कर आली की सिगार खाली ठेवा, मोकळ्या हवेत बसा, पाणी आणि काहीतरी गोड घ्या. गुळाचा खडा उत्तम. उरलेली संपवायचा अट्टहास करू नका.

रानजाई

नोंदींबद्दल शिसवी यांनी विचारलं होतं ते मागेच पडलं.

परदेशी परीक्षणांमधले शब्द घेऊन सिगार ओढली की काहीच सापडत नाही. 'ग्रॅहम क्रॅकर' किंवा 'लेदर' असं लिहिलेलं असतं आणि आपण ते शोधत बसतो. जिभेला आठवण आपल्या स्वयंपाकघराची आहे, तिथूनच शब्द घ्या. कनेक्टिकट रॅपरला बहुधा साय, भिजवलेले बदाम, वाळलेलं गवत, टोस्ट. कॅमरून रॅपरला जायफळ, सुंठ, गोडसर लाकूड. मेक्सिकोच्या सान आंद्रेस मदुरोला काळा गूळ, कोको, ओली माती. निकाराग्वाच्या एस्तेलीच्या तंबाखूला काळी मिरी आणि भाजलेली कॉफी, हालापाच्या तंबाखूला जास्त गोडवा. काही क्यूबनमध्ये मध आणि चामडं यांच्या मधलं काहीतरी येतं, काहींत चक्क गोठ्याचा वास येतो आणि तो चांगला मानतात. अमोनिया आला, म्हणजे नाकात झोंबणारा, तर मात्र पान अजून पुरतं मुरलेलं नाही. त्या सिगार सहा महिने डब्यात विसरून जायच्या.

सराव सोपा आहे. गोडा मसाला करताना दगडफूल, सुकं खोबरं, तीळ, लवंग, दालचिनी वेगवेगळं भाजतो ना? प्रत्येकाचा वास डोळे मिटून घ्या. दगडफूल भाजल्यावरचा तो मातकट, किंचित धुरकट वास एकदा पक्का बसला की मदुरोमध्ये तो चटकन सापडतो. सुकं खोबरं नुसतं तांबूस झालेलं आणि जरा जास्त करपलेलं, या दोन वासांतला फरक म्हणजे नीट ओढलेली आणि तापवलेली सिगार यांतला फरक.

नोंद ठेवताना सिगारचे तीन भाग करा आणि प्रत्येक भागाला दोनच शब्द. त्याशिवाय एवढंच: तारीख, आकार, रॅपर, डब्यातली आर्द्रता, सोबत काय प्यायलात, आधी काय खाल्लंत. आणि शेवटी एकच प्रश्न: ही पुन्हा विकत घ्याल का? गुण देत बसू नका, दहापैकी साडेसात आणि आठ यांत पुढे काही अर्थ उरत नाही. बँड, म्हणजे सिगारवरची नावाची पट्टी, कागदावर चिकटवून ठेवा, नाव विसरायला होतं.

मिसळ किंवा पान खाऊन लगेच ओढू नका. तिखटाने जीभ बधिर आणि कात-चुन्याने तोंड आवळलेलं असतं. तासभर जाऊ द्या, पाण्याने चूळ भरा.

गवतीचहा

रानजाई, दिवाळीआधी गोडा मसाला करायला घेतला की आता घरातले सगळे डबे हुंगत बसणार. आईला काय सांगू ते पण लिहा!

अकोळकाठ

रानजाईताईंचा प्रतिसाद आवडला. थोडं अवांतर.

आमच्या निपाणी भागातली तंबाखू देशभरात नावाजलेली, मग तिची सिगार का होत नाही, असं बरेच जण विचारतात. ती विडीची तंबाखू आहे. शेतातच उन्हात वाळवतात, पान जाड, जोर जास्त, आणि शेवटी तिचा चुरा होतो. सिगारचं पान सावलीत, हवेशीर कोठारात आठवडेच्या आठवडे टांगून वाळवतात. मग त्याचे मोठे ढीग लावतात, त्याला क्यूबात पिलोन म्हणतात. ढिगाच्या पोटात आपोआप उष्णता वाढते, ठरावीक तापमान आलं की ढीग मोडून आतली पानं बाहेर, बाहेरची आत. यात अमोनिया निघून जातो. हे काही महिने, जाड पानाला त्याहून जास्त. वरचं पान तर आणखी नाजूक काम. कनेक्टिकटला शेतावर कापडाचा मांडव घालतात, एक्वादोरमध्ये ढगच इतके असतात की मांडवाची गरज पडत नाही. भारतात रॅपरजोगं पान पिकतं ते उत्तर बंगालात कूचबिहारकडे.

कावेरीकाठ

अकोळकाठ, भारतीय सिगारचा विषय निघालाच आहे तर तिरुचिरापल्लीचं नाव घ्यायलाच हवं. तिथल्या वोरैयूरची चिरुटं इंग्रजांच्या काळात थेट विलायतेपर्यंत जात. आजही थोड्या प्रमाणात हाताने वळली जातात. चिरूट दोन्ही टोकांना उघडं, कटर लागत नाही. जोर मात्र चांगलाच, बारकावे शिकायला उपयोग कमी.

ज्यांना डबा-पाकीट-हायग्रोमीटर नको, त्यांच्यासाठी इटलीची तोस्कानो हा चांगला पर्याय. केंटकी जातीची तंबाखू लाकडाच्या धुरावर वाळवलेली असते, सिगार मुळातच कोरडी. मधोमध कापून अर्धी ओढायचा रिवाज आहे. चव धुरी दिलेल्या पदार्थांकडे झुकते. हलकी मात्र नव्हे.

हडसनपार

क्यूबनबद्दल एक सावधगिरी. क्यूबाचं नाव मोठं आहे आणि तिथल्या पिनार देल रियो प्रांतातल्या वुएल्ता आबाखो भागाची तंबाखू खरंच वेगळी आहे. पण मे २०२२ मध्ये कोहिबासारख्या ब्रँडच्या किमती जगभर एकदम चढल्या, आणि किंमत चढली की नकली माल वाढतो. कोहिबा काचेच्या झाकणाच्या खोक्यात दिसली तर ती खोटीच, तसं खोकं कंपनी काढत नाही. खऱ्या खोक्याच्या तळाशी 'एचो एन कुबा' (क्यूबात बनवलेलं) डागलेलं असतं, शेजारी कारखान्याचा सांकेतिक शिक्का आणि महिना-वर्ष असतं. हमीच्या सीलवर होलोग्राम आणि बारकोड असतो, तो आकडा हबानोस या क्यूबन सिगार कंपनीच्या संकेतस्थळावर तपासता येतो. समुद्रकिनाऱ्यावर किंवा 'कारखान्यातला ओळखीचा माणूस' देतो ती सुटी सिगार घेऊ नका.

चवीसाठीच क्यूबन हवी तर छोटी घ्या. एच. उपमान हाफ कोरोना, ९० मिमी बाय ४४, वीस-पंचवीस मिनिटांत संपते. मोन्तेक्रिस्तो नंबर ४, १२९ बाय ४२, मध्यम जोराची. ओयो दे मोन्तेर्रेय एपिक्युर नंबर २ आणि पार्तागास सेरिए डी नंबर ४ या दोन्ही १२४ बाय ५०, पण पहिली मवाळ आणि दुसरी दणकट. शिसवी यांच्या पद्धतीला ही जोडी अगदी चपखल बसते, मापही तेच आणि देशही तोच.

अमेरिकेतल्या मंडळींनी लक्षात ठेवा, २४ सप्टेंबर २०२० पासून स्वतःसाठीसुद्धा क्यूबन सिगार इथे आणता येत नाही, दुबईच्या विमानतळावर घेतलेली असली तरी.

मांडवीकाठ

भारतात येताना शुल्काशिवाय २५ सिगार, किंवा १०० सिगारेट, किंवा १२५ ग्रॅम तंबाखू. तिन्हींपैकी एकच. वाटेत सिंगापूरला मुक्काम असेल तर तिथे तंबाखूवर शुल्कमाफी अजिबात नाही, एका सिगारवरही कर भरावा लागतो. विमानात सिगार हातातल्या सामानात ठेवा, झिपच्या पिशवीत छोट्या आर्द्रतेच्या पाकिटासह.

पावसाळी ढग

अर्धी झाली की माझी नेहमी एका बाजूने जळत जाते. पंखा बंद असतो.

खारा वारा

@पावसाळी ढग, जी बाजू मागे राहिलीय ती खाली करून धरा. आगीला हवा खालून मिळते, दोन-चार झुरक्यांत ती गाठते. नाही गाठली तर फक्त तेवढ्याच भागाला लायटर दाखवा, झुरका न घेता. दरवेळी एकाच ब्रँडला होत असेल तर बांधणीत लिगेरो मधोमध बसलेलं नाही, तो ब्रँड सोडा. सगळ्याच ब्रँडला होत असेल तर डबा ओला आहे, मिठाची चाचणी पुन्हा करा.

आतून बोगदा पडतोय आणि रॅपर तसंच राहतंय, असं असेल तर तुम्ही फार सावकाश ओढताय किंवा रॅपर ओलं आहे. विझली तर घाबरायचं कारण नाही. राख झाडा, सिगारमधून बाहेरच्या दिशेने हलकी फुंकर मारून शिळा धूर काढा, मग पेटवा. तासाभराच्या आत असेल तर चव फारशी बिघडत नाही, रात्रभर ठेवलेली मात्र पुन्हा पेटवू नका.

शिसवी

इतके प्रतिसाद आले, आता मूळ प्रश्नाकडे येतो. हडसनपार यांचं पटलं, आकार रोबुस्टोच ठेवू, कारण तो सगळीकडे मिळतो आणि सांभाळून घेतो. म्हणजे क्रम असा बदलतो.

पहिली कनेक्टिकट रॅपरची रोबुस्टो. ओलिवा कनेक्टिकट रिझर्व्ह किंवा मकानुदो काफे चालेल. दुसरी त्याच आकाराची हबानो रॅपरची (क्यूबन बियाण्याचं पान) निकाराग्वन. तिसरी सान आंद्रेस किंवा ब्रॉडलीफ मदुरो. प्रत्येकीच्या दोन घ्या, एक नाही, कारण हाताने वळलेल्या मालात एखादी अडलेली निघतेच. एका सिगारवरून पान नापास करायचं नाही. डब्यात तीन आठवडे ६५ वर, मग आठवड्याला फार तर एक, जेवणानंतर तासाभराने, फक्त पाण्यासोबत. कॉफी किंवा रम दुसऱ्या वेळी, तीच सिगार पुन्हा ओढताना. म्हणजे पेयाने काय बदललं ते वेगळं कळेल. नोंदी रानजाई सांगतात तशा.

सहा झाल्या की वहीत बघा, "पुन्हा घ्याल का" ला 'हो' कुठे आहे. कनेक्टिकटला असेल तर पुढे डोमिनिकनकडे वळा, मदुरोला असेल तर पाद्रोनची ती नॅचरल-मदुरो जोडी लावा. हबानोला असेल तर आकार बदलायची वेळ आली, तीच सिगार बारीक मापात शोधा. तिन्हींना 'नाही' आलं तर सिगार आपल्यासाठी नाही, पैसे आणि फुप्फुसं दोन्ही वाचली.

दंतकथा

शेवटच्या वाक्याला +१. आठवड्याला एक हीसुद्धा चाचणीपुरतीच ठेवा, पुढे सवय म्हणून नको.

वऱ्हाडी ठसका

शिसवीभाऊ, डब्यात तिन्ही रॅपर एकत्र ठेवले तर वास एकमेकांत जाते का?

खारा वारा

साध्या सिगारचं महिना-दोन महिन्यांत काही बिघडत नाही. फक्त व्हॅनिला, चेरी वगैरे वास लावलेल्या सिगार त्यात कधीही घालू नका, सगळा डबा नासतो आणि प्लास्टिकमधून तो वास धुऊनही निघत नाही. तोस्कानोही वेगळ्या बरणीत, तिचा धुरकट वास सीडरच्या पट्ट्यांत मुरतो.